पाटावर बसलेली स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. तुमच्या पेनातली नाजूक स्प्रिंग नव्हे, मोटारीच्या इंजिनात व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसणारी. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या श्वासाचं दार. कॅमशाफ्ट ते दार ढकलून उघडतो आणि मी ते पुन्हा लावून घेते. दार लागायला जरा उशीर झाला, तर खालून उसळत येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि इंजिनाचं होत्याचं नव्हतं होतं. म्हणून मी जन्मभर धास्तावलेलीच राहिले.

पोलादी तारेला वेढे देऊन, भट्टीत तापवून मला घडवलं. आम्ही सोळा बहिणी एका साध्या पेट्रोल गाडीत बसलो. पुढे ती गाडी सुप्याच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या ओमने घेतली. ओमला वेगाचं वेड, तर त्याच्या आईला, केशरबाईंना, कीर्तनाचं. बुवांच्या मागे टाळ घेऊन त्या झील धरायच्या, म्हणजे बुवांनी टाकलेला चरण उचलून गायच्या. ओम त्यांना गावोगाव पोचवायचा. मंडपाबाहेर तापलेलं इंजिन निवत असताना आम्ही बहिणी मृदंग ऐकायचो, आणि दिवसभराचा शीण उतरायचा. माझं सुख म्हणाल तर तेवढंच.

मग ओमने इंजिन जास्त वेगाने फिरेल अशी सोय करून घेतली. मित्र म्हणायचे, "काय पळते राव!" कौतुक गाडीच्या आवाजाचं व्हायचं, रंगाचं व्हायचं. आमचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. एकदा कामरगावच्या घाटात ट्रकला मागे टाकताना त्याने इंजिन असं ताणलं की माझ्या एका वेढ्याला बारीक चीर गेली. सांगणार कुणाला? लोखंडाला तोंड नसतं. त्या दिवसापासून गाडी सुरू झाली की मला वाटायचं, आज तुटते मी.

यंदा नवरात्रात ओमने व्हॉल्व्ह आणखी खोल ढकलणारा नवा कॅम आणला. सुप्याच्या गॅरेजवाल्या भीमातात्यांनी इंजिन उघडलं.

"कॅम नवा टाकतोस, तर स्प्रिंगा बी नव्या घे," तात्या म्हणाले.

"त्या यायला दिवस लागतील हो. दसऱ्याला आईला राजूरला कीर्तनाला न्यायचंय. ह्याच चालतात का बघा की."

तात्यांनी एकेकीला दाबून पाहिलं. सगळ्यांचा जोर सारखा भरला. "काढतील अजून एक साल," ते म्हणाले.

जोर होता हो माझ्यात! पण आतून चिरलेलं माणूसही चारचौघांत हसतंच की.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं पुजायची, वापरायची नाहीत. केशरबाई सकाळीच गॅरेजात आल्या. ओम घाईला आला होता, पण त्या ऐकेनात.

"आज पान्याला हात लावशील तर बघ!"

"आये, देव काय पाने मोजत बसतो व्हय?"

"देव न्हाई मोजत. मी मोजते!"

तात्यांनी आम्हाला फडक्याने पुसून पाटावर मांडलं. केशरबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, भोवती रांगोळी घातली. चिमटीतली थोडी माझ्या अंगावर सांडली. त्या आरती म्हणू लागल्या, आणि माझ्या चिरेत मुरलेलं जुनं तेल हळूहळू त्या पांढऱ्या भुकटीत उतरलं. एक काळी रेघ उमटली.

"अगं बाई, केस पडला का हिच्यावर?" केशरबाईंनी तो उचलू पाहिला. येईना. मग पदराने मला पुसलं आणि पुन्हा पांढरी भुकटी भुरभुरवली. मी मनात म्हणत होते, माय, पुसू नको, नीट बघ! दिसले तर भंगारात जाणार होते, हे कळत होतं. पण न दिसले तर उद्या घाटात ही माउली गाडीत असणार होती.

आरतीचं ताट फिरवून त्या परत वाकल्या. रेघ तिथंच.

"तात्या, हिकडं या. ह्यो केस काय जाईना."

तात्यांनी बॅटरी मारली. त्यांचा चेहरा उतरला. "केस न्हाई वहिनी, चीर हाय. आन मीच हिला पास केली हुती."

"एवढीशी तर हाय," ओम म्हणाला. "उद्या जाऊन येऊ, मग बदलू."

"तुटली तर काय हुतं?" केशरबाईंनी विचारलं.

"चढाला, ट्रकाच्या म्होरं असताना इंजिन जाम हुईल."

केशरबाई म्हणाल्या, "मी येस्टीनं जाते. जन्मभर बुवांच्या मागं हुभी राहून गायले. मला म्होरं पळायची घाई न्हाई."

"तात्या, सगळ्यात कडक स्प्रिंगा मागवा," ओम खालमानेने म्हणाला.

"कडक घेशील तर नवा कॅमच घासून खातील. ह्या कॅमला जुळतात त्याच घ्यायच्या. स्प्रिंगांवरच्या टोप्या, त्या अडकवायची लॉकं, समदं एका जोडीचं."

"खरंय," केशरबाई म्हणाल्या. "मृदंग लई ताणला की पुडी फाटती."

"पण एकीपायी सोळा बदलायच्या?" ओमने विचारलं.

"बाकीच्यांनी बी त्योच घाट चढलाय, बाळा," आई म्हणाली.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवून तात्यांनी मला शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरून आवळलं. इंजिनात नेहमी दबायचे तेवढंच. कट्! माझे दोन तुकडे झाले. ओमने ते तळहातावर घेऊन तुटलेली कड बोटाने चाचपली. मग हात धुतले, आईची टाळांची पिशवी खांद्याला अडकवली.

"चल आये. येस्टीनं मी बी येतो."

त्या संध्याकाळी राजूरला ओमनेही मागे उभं राहून झील धरली म्हणे. सूर सुटत होता, पण आई सांभाळून घेत होती. तात्या हे सांगताना हसले, आणि माझे तुकडे त्यांनी भंगारात टाकले नाहीत. नवी गाडी सजवायला येणाऱ्या पोरांना ते आधी मला दाखवतात.

मित्रांनो, जे चमकतं आणि गर्जतं त्याला तुम्ही जपताच. जे आत बसून मुकाट्याने दार लावत असतं, त्याचीही कधी विचारपूस करा. पूजा करा, पण वाकून बघा. आणि एखादी रेघ पुसूनही पुन्हा उमटली, तर दुसऱ्यांदा पुसू नका. हाक मारा कुणाला तरी.