‘व’वरची मात्रा

ज्या गाण्यावर दोन पिढ्यांनी आपापले घसे बसवून घेतले होते, ते आता हळू आवाजात म्हणायचं होतं. तेही ज्याने ते पहिल्यांदा ओरडून म्हटलं, त्यानेच.

बाबांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढून चार महिने झाले होते. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली होती, ओरडायला दिली नव्हती आणि कधीच देणार नव्हते. तो कागद आईने फ्रिजच्या दारावर चिकटवला होता आणि ‘कधीच’ या शब्दाखाली दोन रेघा पदरच्या मारल्या होत्या. रोज दूध काढताना बाबांना त्या रेघा दिसत.

आणि नेमकं आताच सभागृहाचं निमंत्रण आलं. जुनं सभागृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडत होतं. रविवारी दुपारी चार वाजता, तीनशे खुर्च्या, आणि आयोजकांना बाबांचं तेच एक गाणं हवं होतं. बाबांनी अजून होकार कळवला नव्हता. आपल्या गिटार-दुरुस्तीच्या दुकानात एरवी भिंतीवर टांगलेली स्वतःची गिटार मात्र त्यांनी उतरवून पेटीत ठेवली होती, आणि पेटीवर गिऱ्हाइकांच्या तुटक्या गिटारी रचायला सुरुवात केली होती. या वेळी जमलं नाही तर पुन्हा स्टेजचं नाव काढायचं नाही, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. ते त्या पेटीवरून लेकीला कळलं.

लेक पंख्यांच्या कारखान्यात आवाज मोजायची. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बंद खोलीत पंखे फिरवत बसते, म्हणून बाबा तिला ‘मीटर’ म्हणत. नावाला ती जागत असे. डोकं दुखतंय म्हटलं तर आधी विचारायची, किती वाजल्यापासून.

“आपण गाणं बदलू,” मीटर म्हणाली. “वेग निम्मा, पट्टी चार घरं खाली. इलेक्ट्रिक गिटार नाही, साधी लाकडी. ओरडणं नाही.”

“मग उरलं काय?” दणकाकाकांनी विचारलं. दणकाकाका म्हणजे बाबांच्या जुन्या बँडचे ड्रमर. आता ते गाडी चालवायला शिकवत, पण बोटं अजून कुठल्याही सपाट गोष्टीवर ताल धरत. आत्ता ती दुकानाच्या टेबलावर होती.

“शब्द उरतील,” मीटर म्हणाली. “चाल उरेल. आणि तुम्ही फक्त बोटांनी वाजवायचं, काठ्या घरी ठेवायच्या.”

“तीस वर्षांची लग्नाची बायको घरी ठेवली तरी चालेल, पण काठ्या?” काका म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी आले ते मोकळ्या हातांनीच.

मीटरने तयारी पद्धतशीर केली. बाबांना एका दमात ‘आ’ म्हणायला लावलं आणि घड्याळ धरलं. आठ सेकंद. गाठ काढल्यापासून आवाजाबरोबर थोडी हवा सुटायची, त्यामुळे याहून जास्त जमेना. मूळ गाणं मिनिटाला एकशे साठ ठोक्यांचं होतं. त्यात धृपदाची ओळ तीन सेकंदांत संपायची. वेग निम्मा केला की सहा. म्हणजे आठात सहा बसत होते, वर दोन सेकंद शिल्लक. कागदावर तरी सगळं ठीक होतं.

अडलं ते प्रत्यक्ष गाताना. कडवी छान जमली. जिथे पूर्वी गिटार करवतीसारखी फिरायची तिथे आता एकेक तार मोकळी वाजत होती, आणि बाबांच्या आवाजातली नवी खरखर त्या तारांना शोभत होती. मग धृपद आलं. सगळ्या गावाला तोंडपाठ असलेली ओळ: धरलेला हात सोडव ना.

बाबांनी ती म्हटली आणि टेबलावरची बोटं थांबली.

“काय रे झालं हे?” दणकाकाका म्हणाले. “बंड होतं ते. लोक मुठी वळून म्हणायचे. आता वाटतंय पोरगं दुकानासमोर हट्ट करतंय, गोळी दे ना.”

काका बोलले ते खरंच होतं. जोरात म्हटलेलं ‘सोडव ना’ म्हणजे आव्हान. हळू म्हटलं की तीच लाडीगोडी व्हायची. बाबांनी तीन-चार प्रकारे म्हणून पाहिलं. शेवटी गिटार खाली ठेवून ते म्हणाले, “जाऊ दे मीटर. काही गाणी पळतानाच चांगली दिसतात.”

मीटरने चौकटींचा कागद पुढे ओढला. तिला दुसरंच काहीतरी खुपत होतं. गाण्याची प्रत्येक ओळ सोळा घरांत बसत होती. ऱ्हस्व अक्षराला एक घर, दीर्घाला दोन, शाळेत शिकवतात तसं. कडव्यांच्या आठही ओळी सोळाच्या सोळा. धृपद तेवढं पंधराच. शेवटच्या ‘ना’पूर्वी एक घर रिकामं राहत होतं, आणि बाबा प्रत्येक वेळी तिथे अडखळत होते, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसे.

“बाबा, इथे एक मात्रा कमी आहे. बाकी सगळं मोजून लिहिलंयस, मग हीच ओळ कशी चुकली?”

“तेव्हा कोण मोजत होतं,” बाबा म्हणाले, आणि तारा पुसायला लागले. तारा स्वच्छच होत्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मीटरने जुनं रेकॉर्डिंग संगणकावर चढवलं. पट्टी तीच ठेवून वेग आधी निम्मा केला, मग पाव. गिटारचा कर्कश पट्टा तिने जमेल तेवढा कापून काढला. पंख्याच्या घरघरीतून एका सैल स्क्रूचा आवाज शोधून काढायची तिला सवय होती, त्यामानाने हे सोपं होतं. कानांवर हेडफोन दाबून तिने ती ओळ अकरा वेळा ऐकली.

सोडव ना नव्हतंच ते. ‘ड’ आणि ‘ना’ यांच्यामध्ये, वेगात चेपला गेलेला, पण पूर्ण दोन घरांचा ‘वे’ होता. सोडवेना.

धरलेला हात सोडवेना. सोळा.

तिचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी तिने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि बाबांना ते ऐकवलं. बाबांनी एकदाच ऐकलं.

“सापडलं तर तुला,” ते म्हणाले.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“मीच लिहिलंय, मला माहीत नसेल?” बाबा स्टुलावर बसले. “ताई मला बसपर्यंत सोडायला आली होती. बँडसाठी गाव सोडत होतो, बावीस वर्षांचा घोडा झालो होतो. तरी रस्ता ओलांडताना तिने सवयीने हात धरला. बस आली, दार उघडलं, आणि मला तो हात सोडवेना. बसमध्ये बसल्या बसल्या लिहिलं.”

ताई म्हणजे मीटरची आत्या. आई-वडील गेले तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती आणि बाबा नऊ. बाबांना तिनेच वाढवलं.

“मग कॅसेटवर ‘सोडव ना’ का छापलं?”

“कंपनीतल्या माणसाने ऐकून टाइप केलं. त्याला तसं ऐकू आलं. मी पाहिलं ते, म्हटलं पुढच्या खेपेला सांगू. तोवर कॅसेट गावोगाव पोचली. पहिल्याच कार्यक्रमात हजारभर पोरं मुठी वर करून ओरडली, सोडव ना, सोडव ना. त्यांना घरातून, शाळेतून, कशाकशातून सुटायचं होतं. मी माईकसमोर उभा राहून काय सांगणार? अहो, हे माझ्या बहिणीवर आहे, मला घर सोडवत नव्हतं म्हणून? हसले असते.”

“आणि आत्या?”

“तिला काय, तिला गोंगाट सोसत नाही. ती कधी कार्यक्रमाला आलीच नाही.”

आत्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. जगातल्या प्रत्येक छापील शब्दावर तिचा संशय. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चुका काढायची आणि मग तारीख बघायची. दर रविवारी ती घरी यायची, गप्पा मारायची, आणि रेडिओवर ते गाणं लागलं की उठून बाल्कनीत जायची.

“गोंगाट नाही बाबा,” मीटर म्हणाली. “मी चौदा वर्षांची असताना तिला विचारलं होतं. ती म्हणाली, मला सोडव म्हणून सांगितलं, मी सोडवला. आता ते परत परत ऐकून काय करायचं. मला तेव्हा काही कळलं नव्हतं.”



ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळलेल्या मात्रा शोधल्या, तिने कॅसेटच्या त्या एकाच कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

“रविवारी ‘वे’ म्हण,” मीटर म्हणाली.

दणकाकाकांना ते मुळीच पटलं नाही. “अरे, तीनशे लोक ‘सोडव ना’ ओरडायला येणार आहेत. त्यांचं लग्नाआधीपासूनचं गाणं आहे ते. तू शब्द बदललास तर म्हणतील, म्हातारा झाला, घाबरला. आहे ते एक गाणं, तेही घालवशील.”

“शब्द बदलत नाहीये,” बाबा म्हणाले.

“ते तुला माहीत. त्यांना?”

त्या रात्री बाबांनी आयोजकांना होकार कळवला.

आत्याला बोलावण्याचं काम मीटरकडे आलं. आत्याच्या टेबलावर ओल्या शाईचा वास होता आणि समोर पानांचा गठ्ठा. “मला नाही जमायचं,” मान वर न करता ती म्हणाली. “त्या आवाजाने माझे कान दोन दिवस वाजतात.”

“आवाज मी मोजलाय आत्या. तुझ्या मिक्सरपेक्षा कमी आहे.”

“मिक्सर मी पैसे देऊन ऐकत नाही.”

“इथेही पास आहे. तिसरी रांग, कडेची खुर्ची. नाही आवडलं तर उठून जा. कुणी अडवणार नाही.”

आत्याने पेन्सिल कानामागे खोचली. “तो गाणार कसा? घसा तर कापलाय त्याचा.”

“हळू.”

“तो आणि हळू,” आत्या म्हणाली. पण पास तिने गठ्ठ्याखाली ठेवला, कचऱ्याच्या टोपलीत टाकला नाही.

रविवारी सभागृहाला नव्या रंगाचा वास येत होता. लोक आले ते तयारीतच. काहींनी कपाटातून जुने टी-शर्ट काढून अंगात कसेबसे कोंबले होते, आणि छातीवरचं ‘सोडव ना’ पोटापर्यंत ताणलं गेलं होतं. मीटर आत्याच्या शेजारी बसली. स्टेजवर दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाबा, दुसरीवर दणकाकाका, मांडीवर लाकडी खोका घेऊन.

पहिलं कडवं सुरू झालं तेव्हा मागे कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, आवाज वाढवा. बाबांनी वाढवला नाही. हळूहळू कुजबुज थांबली. मग धृपद आलं आणि सभागृहाने सवयीने मुठी उचलल्या.

“धरलेला हात सोडव ना,” तीनशे जण म्हणाले, आणि एक मात्रा आधीच संपले. बाबा अजून ‘वे’वरच होते. एकटे. लोकांचा ‘ना’ हवेत लोंबकळला, पाठोपाठ बाबांचा आला. कुठेतरी कुणी हसलं. त्या हशाबरोबर आणखी चार जण हसले. दणकाकाकांनी बाबांकडे पाहिलं, त्या पाहण्याचा अर्थ तिसऱ्या रांगेतूनही कळत होता: मी सांगितलं होतं.

बाबा थांबले नाहीत. दुसरं कडवं त्यांनी आणखी सावकाश घेतलं. धृपदाच्या आधी एक पूर्ण श्वास घेतला, आणि या वेळी ‘वे’वर आवाज असा टेकवला की तो शब्द ऐकू न येणं शक्यच नव्हतं. लोकांतले निम्मे पुन्हा आधी संपले. निम्मे गप्प झाले. पुढच्या रांगेतल्या टक्कल पडलेल्या माणसाने शेजारणीला विचारलं, “काय म्हणाला?” तिने सांगितलं. त्याची मूठ कानाशी होती, ती त्याने खाली घेतली.

“किती वेळा येतं हे?” आत्याने पुढे बघतच विचारलं.

“चार.”

आत्या उठली नाही.

तिसऱ्या वेळी सभागृहातून कुणीच आधी संपलं नाही. चौथ्या वेळी लोक म्हणाले. फार मोठ्याने नाही, आपापल्या पुरतं म्हणावं तसं, पण पूर्ण सोळा. त्या ‘वे’वर कुणाला काय काय सोडवत नव्हतं कुणास ठाऊक. गाणं संपल्यावर टाळ्या यायला दोन सेकंद लागले. मीटरने ते मोजले, आणि मग मोजणं सोडून दिलं.

मागच्या दारापाशी बाबा पाणी पीत पायरीवर बसले होते. मीटरला घेऊन आत्या आली आणि समोर उभी राहिली.

“शब्द काय आहे तो?”

“सोडवेना.”

“‘व’वर मात्रा?”

“हो.”

“आधीपासून?”

“आधीपासून, ताई.”

“आणि छापलं ते तू पाहिलं होतंस.”

“पाहिलं होतं.”

“पाहून गप्प बसलास.” आत्याचा आवाज कामावर असतो तसाच कोरडा होता, पण पर्स एका हातातून दुसऱ्या हातात गेली, परत पहिल्या हातात आली. “एक फोन करायचा होतास छोट्या. पाच मिनिटांत बदलून घेतलं असतं.”

“मला वाटलं तुला माहीत आहे.”

“मला कसं माहीत असणार? तू इतका ओरडायचास.”

बाबा हसले, हसताना खोकला आला, आणि आत्याने त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या, जरा जास्तच जोरात. मग ती पायरी रुमालाने झटकून त्यांच्या शेजारी बसली.

“मीटर, इकडे पाठमोरी उभी राहा, ऊन येतंय,” ती म्हणाली, आणि भावाकडे वळली. “दुसरं कडवं सांग आता. रेडिओवर मी कधी तिथवर पोचलेच नाही, आणि आज त्या एका शब्दातच अडकून पडले होते.”

“गाऊन?”

“साधं बोलून सांग. आणि सावकाश.”