कोफीच्या धुनेतली मोकळी जागा

“मास्तर, मंधात बंद नोका पडू जी,” नवरदेवाचे मामा गोमाजी म्हणाले. “आमच्या मायले अपशकुन वाटते. वरात चालली का बाजा चालूच पायजे.”

श्यामरावांनी मान हलवली. डोकं भादरलेलं, त्यामुळे बँडमास्तरची टोपी कपाळावर घसरली. त्यांच्या बायकोची, कुंताबाईंची तेरवी होऊन चार दिवस झाले होते. एकोडी गावच्या या लग्नाची सुपारी आधीच घेतलेली होती.

बँड कुठे बंद पडतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सत्त्याहत्तर साल. तुमसरकडच्या मँगनीजच्या खदानीवर सहा महिने शिकायला आलेला घानाचा कोफी. एका लग्नात श्यामरावांचा बँड ऐकून तो थेट त्यांच्या घरी आला. यांच्यात गाणारा नव्हता. तिकडे घानात त्याच्या भावाचा बँड होता, त्यातही नव्हता. जाताना त्याने भावाची कॅसेट आणि आपला जुना टेपरेकॉर्डर ठेवून दिला. कॅसेटवर इंग्रजीत ‘आफ्रोबीट’ लिहिलेलं. लोखंडी घंटा, ड्रम, ट्रंपेट. एकच चाल फिरत राहायची, संपायची नाही. श्यामरावांनी ती क्लॅरिनेटवर बसवली, खाली दंडारीच्या, इकडच्या लोकनाट्याच्या, ढोलकीचा ठेका घातला. साकोली-पवनीपर्यंत लोक ‘कोफीची धून’ मागू लागले.

पण त्याआधी, पहिल्याच आठवड्यात, त्यांनी चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. धून मध्येच गायब. तिथे कुंताबाईंचा आवाज.

“आयकता का जी? भात थंडा होऊन राहिला. मंग म्हनाल, सांगतलं नाई.”

पुढे परत ट्रंपेट.

पुसलं गेलं ते काय होतं, कळायला मार्ग नव्हता. म्हणून बँड तिथे थांबायला शिकला. नाचणारेही हात वर करून थांबायचे. बाकीचे वादक आठ मात्रा मोजायचे. श्यामराव मोजत नसत. मनातल्या मनात कुंताबाईंचं ‘नाई’ झालं की फुंकत.

ब्याऐंशी साली कॅसेटची फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली. कुंताबाई घरातच होत्या. कोणी हळहळलं नाही.

आता शहाऐंशी.

“दादा, मी भरतो ना थे जागा,” ट्रंपेटवाला डोमा म्हणाला. “दोन वर्सापासून तिथली चाल मनात बसली आहे माह्या.”

“मंग भर.”

“नाई, पर वैनीची जागा होती थे.”

“भात कईचाच थंडा झाला रे. वाजव.”

वरात निघाली. घंटा, ड्रम, मग क्लॅरिनेट. पाटलाच्या बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, काठावरून वळण घेतलं, ती जागा आली आणि डोमाने

भरली. चांगली भरली. सवयीने काही हात वर अडकले, लोक हसले, परत नाचू लागले. गोमाजींनी लांबूनच मान डोलावली.

श्यामराव क्लॅरिनेट ओठांशी धरून उभे होते. आयकता का जी. वरून ट्रंपेट गेला. भात. परत ट्रंपेट. पुढचं ऐकू येईना. आठ मात्रा गेल्या, आणखी आठ गेल्या. मागच्या ड्रमवाल्याचा ड्रम पाठीला टेकला, तेव्हा ते चालू लागले.

पावलं ठेक्यात होती. बोटं कळांवर बरोबर पडत होती. फक्त क्लॅरिनेटमध्ये फुंक नव्हती. शेजारी झांज वाजवणाऱ्या आनंदरावांना ते मांडव येईपर्यंत कळलं नाही.