जीव न घेणारी बंदूक

उकंडराव पडघानांनी अडतीस वर्षं लाइनमनची नोकरी केली आणि अडतीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगितली, की अर्ध्या तासात लाईन येते. ती कधी अर्ध्या तासात आल्याचं शेलूबाजारच्या आसपासच्या पाच खेड्यांत कोणाला आठवत नाही. रिटायर झाल्यावर त्यांच्या शब्दाला गावात जेवढी किंमत असायला हवी तेवढीच होती, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती.

त्यांची बायको रुख्मिणीबाई हे दुसरंच प्रकरण. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने पंचशील पाळलेलं, जीव न घेण्याचं पहिलं शील आणि खोटं न बोलण्याचं चौथं तर फारच, आणि पाळलेलं म्हणजे घरच्यांच्या जिवावर उठून पाळलेलं. सख्ख्या भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी सहज विचारलं, पोरगी कशी आहे, तर हिने सांगितलं, चांगली आहे पण घोरते. ती सोयरीक मोडली. नंतर भाचीला तिथल्यापेक्षा चांगलं स्थळ मिळालं, पण बहीण दोन वर्षं बोलली नाही. तेव्हापासून गावात कोणाचा बांध सरकला, कोणाचं बकरू कोणाच्या हरभऱ्यात शिरलं, की माणसं विहारापाशी येऊन विचारत, रुख्मिणीबाई काय म्हणते. ती म्हणेल ते खरं. पुढे कोणी वाद घालत नसे.

अशा घरात बंदूक आणायची होती.

बंदूक हवी होती नातीला. धम्मदीपा अकरावीत. आईबाप पुण्याला कंपनीत, पोरगी आजी-आजोबांपाशी. कॉलेजात एअर रायफलची टीम निघाली तेव्हा ही नुसती बघायला गेली, आणि तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली येऊन परत आली. आता अमरावतीला विभागाची स्पर्धा होती, तीन आठवड्यांवर. कॉलेजची रायफल एकच, तिची स्प्रिंग दमलेली, आणि ती धरायला नऊ पोरं. धम्मदीपाने घरच्या भिंतीवर खडूने एक ठिपका काढला आणि रोज संध्याकाळी मुसळ खांद्याला लावून त्या ठिपक्यावर नेम धरून उभी राहू लागली. अर्धा अर्धा तास. मुसळ हलत नसे. उकंडरावांनी हे चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी तिला शब्द देऊन बसले.

शब्द पाळायचा तर दोन माणसांची परवानगी लागत होती. रुख्मिणीबाईला त्यांनी सांगितलं, "कागदावर मारायची बंदूक हाय. जीव नाई घेत कोणाचा."

धाकटा भाऊ जगदेव मात्र कागदासाठी बंदूक घेणारा नव्हता. शेती तोच बघायचा, आणि दोघा भावांत कोणतीही वस्तू दोघांच्या होकाराशिवाय घरात येत नसे. नशिबाने त्याच्या कोठ्यात घूस शिरली होती. पुढच्या पेरणीसाठी राखलेल्या सोयाबीनच्या पोत्यांना खालून भोकं पाडून तिने जमिनीखाली स्वतःचं वेगळं गोदाम केलं होतं. औषध ठेवलं तर ती औषध सोडून सोयाबीन खायची. उकंडरावांनी भावाला सांगितलं, "घूस मारायची बंदूक येते आता. एका गोळीत गार."

अशा रीतीने एकाच बंदुकीच्या दोन कबुल्या दोन दिवसांत होऊन गेल्या, आणि सोमवारी चौघं वाशीमला दुकानात गेली.

दुकान सतीश नावाच्या माणसाचं होतं. कॅरमबोर्ड, ढाली, क्रिकेटच्या बॅटी, आणि मागच्या भिंतीवर सात-आठ रायफली. त्याने गिऱ्हाइकांकडे पाहून कोण घेणार याचा अंदाज बांधला आणि तो चुकला.

"कशासाठी पाह्यजे काका?" त्याने जगदेवला विचारलं.

"घुशीसाठी," जगदेव म्हणाला.

"कागदासाठी," रुख्मिणीबाई म्हणाली.

उकंडराव छताच्या पंख्याकडे बघू लागले. वायरिंग कच्चं होतं.

सतीशने दोन रायफली काउंटरवर ठेवल्या. एक जाडजूड, वर दुर्बीण, स्प्रिंग एवढी कडक की नळी खाली वाकवून छर्रा भरायला दोन हात लागावेत. दुसरी सडपातळ, दुर्बीण नाही, पण नेम धरायची खाच नाजूक स्क्रूने केसाएवढी सरकवता येणारी.

जगदेवने बंदूक पहिल्यांदाच हातात घेतली होती, पण बैल त्याने चाळीस घेतले असतील. त्याने जाड रायफल तोंडापासून बघायला सुरुवात केली. नळीत डोळा घालून पाहिलं, दस्त्यावर दोन थापा मारल्या, उचलून वजन घेतलं, मग ती काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून कशी चालते ते पाहिलं. सडपातळीच्याही पाठीवर थाप मारली आणि तोंड वाकडं केलं. "हे कामाची नाई. अंगात काही नाई इच्या."

"दादा, थे बैल नोय," धम्मदीपा जगदेवला म्हणाली.

"मले समजते. पण वस्तू पाहाचा एक कायदा असते."

धम्मदीपाने दोन्ही खांद्याला लावून पाहिल्या. जाड रायफल सुटली की उसळायची. दुकानामागच्या बोळात दहा छर्रे मारले ते कागदभर पांगले. सडपातळीचे दहा छर्रे एका रुपयाखाली झाकता आले असते. तिने ती खाली ठेवली तेव्हा हात लगेच काढला नाही, आणि ते उकंडरावांनी पाहिलं. उरलेलं आयुष्य कोणी त्यांना खोटारडा म्हटलं तरी चालणार होतं, पण ही रायफल घरी न्यायचीच होती.

रुख्मिणीबाईने सतीशला सरळ विचारलं, "यानं जीव जाते का?"

सतीशने तिच्याकडे बघून मान नाही अशी हलवली, जगदेवकडे बघून हो अशी हलवली, आणि बिलबुक काढलं. वरून म्हणाला, "पंधरा दिवसांत काम नाई जमलं तं बदलून देतो. ही वापस, थे जाड घेऊन जा."

जगदेव या एका अटीवर तयार झाला. हा सतीश चांगला दुकानदार होता, पण माणूस म्हणून त्याने तिथे घोटाळा करून ठेवला.

घरामागे उकंडरावांनी टेपने दहा मीटर मोजले आणि मातीने भरलेल्या पेटीवर कागद चिकटवला. धम्मदीपा कॉलेजातून आली की साठ छर्रे मारायची. कागदाच्या मधलं काळं रोज थोडं थोडं उडून जायचं. रुख्मिणीबाई पहिल्या दिवशी पाठ करून भाजी निवडत बसली, तिसऱ्या दिवशी अर्धवट वळून बसली, आठव्या दिवशी भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "श्वास सोडल्यावर मार. घेताना हालते तुहा खांदा." बाईने बरोबर पकडलं होतं.

घुशीचं मात्र बरं चाललं होतं. तेराव्या दिवशी, रविवारी, जगदेवने सहावं पोतं उचललं तर हातात नुसता बारदाना आला. तो तडक उकंडरावांच्या ओसरीवर येऊन उभा राहिला.

"आज सांजेपावतर घूस पडली पाह्यजे. नाई तं उद्या बंदूक बदलतो."

"बुधवारी अमरावती हाय तिची," उकंडराव म्हणाले.

"मी कुठं नाई म्हनतो? नेमबाज हाय नं पोरगी? मंग घूस तं कागदापेक्षा मोठी हाय." यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, आणि बियाणं खरोखरच जात होतं. "मी मोटर चालू करून येतो. साडेपाचले लाईन येते. तवर उरका."

लाईन सहाला येणार हे उकंडरावांना माहीत होतं. त्यांनी भावाला जाऊ दिलं.

कोठ्याच्या दारात धम्मदीपा गुडघा टेकून बसली. मागे उकंडराव, त्यांच्या मागे रुख्मिणीबाई. ऊन तिरपं आत येत होतं. पाऊण तास काही हललं नाही. मग पोत्यांच्या फटीतून घूस निघाली, चांगली मांजराएवढी, आणि उजेडात येऊन मागच्या पायांवर बसली. पुढच्या दोन्ही हातांत सोयाबीनचा एक दाणा धरून ती खाऊ लागली. घाई अजिबात नव्हती.

मोजून चार मीटर. धम्मदीपाने श्वास सोडला. रायफल मुसळासारखीच स्थिर होती. उकंडरावांनी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, होऊन जाऊ दे.

काहीच झालं नाही. त्यांनी डोळे उघडले तर पोरीचं बोट घोड्यावरून निघालं होतं.

"आजी, मारू?" ती मागे न बघता म्हणाली.

रुख्मिणीबाई मार म्हणाली नाही आणि मारू नको असंही म्हणाली नाही. तिचा पदर तोंडाशी गेला होता. नाही म्हटलं तर पोरीच्या हातातली रायफल जात होती, आणि मार म्हटलं तर तिचं स्वतःचं काय जात होतं ते उकंडरावांना पन्नास वर्षांच्या संसारामुळे माहीत होतं. घुशीने दाणा संपवला, दुसरा घेतला, आणि फटीत निघून गेली.

धम्मदीपाने रायफल उतरवली, नळी वाकवून छर्रा काढला आणि आजोबांच्या हातावर ठेवला. "मले नाई जमत आबा. बदलू द्या दादाले." ती रडली नाही. रडली असती तर उकंडरावांना सोपं गेलं असतं.

फटफटीचा आवाज आला. जगदेव परतला होता. लाईन आली नव्हती. उकंडरावांनी घाईघाईने मनात खोटं जुळवलं. घूस लागली, जखमी होऊन बिळात गेली, अर्ध्या तासात मरते. एवढं जुळवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण हे सांगितलं तर जगदेव अर्धा तास तिथेच बसून राहील.

"काय झालं?" जगदेवने विचारलं.

"मेली," रुख्मिणीबाई म्हणाली.

उकंडरावांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा विहारात सूत्र म्हणताना असतो तसाच होता.

"कुठं हाय?"

"मी पुरली. नाल्यापाशी."

जगदेवने वहिनीकडे पाहिलं, आणि क्षणभरही विचार न करता पोरीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मी म्हनलो होतो, सडपातळ असली तरी जात चांगली हाय." तो चहा पिऊन गेला.

उकंडरावांना अभिमान वाटत होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदम वाटल्यावर माणसाने करायचं काय ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी रायफलीला तेल लावलं.

सोमवारी सकाळी दोघं भाऊ आणि रुख्मिणीबाई कोठा झाडायला गेली. पहिलं पोतं सरकवलं आणि घूस निघाली. दारातून निवांत चालत, जगदेवच्या पायावरून.

जगदेव तिच्याकडे बघत राहिला. मग वहिनीकडे वळला. "वहिनी, हे काय?"

"हे दुसरी," रुख्मिणीबाई म्हणाली.

जगदेवने पुन्हा घुशीकडे पाहिलं, डोळे बारीक करून, नीट. "हाव," तो म्हणाला. "इची शेपटी आखूड दिसते."

उकंडराव झाडू घेऊन बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. गावात अडतीस वर्षं त्यांनी स्वतःच्या शब्दाची जी नासाडी केली होती ती त्यांना कधी एवढी टोचली नव्हती. हिने एकाच शब्दात माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावलं होतं, आणि तो माणूस आनंदाने तयार झाला होता.

मंगळवारी दिवसभर रुख्मिणीबाईने कोठ्यातली बिळं फोडलेल्या काचांनी आणि गोट्यांनी ठासून भरली. वरून सिमेंट ओतलं. उकंडराव घमेली देत राहिले. "मजूर लावू," ते दोनदा म्हणाले. तिने पुढचं घमेलं मागितलं. जगदेवने विचारलं, आता काहून एवढी मेहनत, तर म्हणाली, तिसरी येऊ नये म्हणून.

बुधवारी पहाटेच्या बसला पोहोचवायला दोघंही फाट्यावर आली. रायफल जुन्या चादरीत गुंडाळून धम्मदीपाच्या खांद्याला होती. बसचे दिवे वळणावर दिसले तेव्हा रुख्मिणीबाईने नातीचा हात धरला.

"चवथं शील मोडलं मी तुह्यापायी," ती म्हणाली. "एकदा नाई, दोनदा. कोनाले सांगू नोको."

"आजी, मंग नंबर नाई आला तं?" धम्मदीपाने विचारलं.

"नाई आला तं घरी येऊन नाई आला म्हून सांगजो," रुख्मिणीबाई म्हणाली. "खरं सांगजो. घरात दोन लबाड हायेत, तिसरी नोको."