भात्यावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या शिपाईमावशींनी सामानखोलीचे कुलूप काढले, खिडकीचा अडकलेला खटका तळव्याने वर ठोकला आणि माझ्या झाकणावरची धूळ पुसून तिथे खडूने फुली मारली. शेजारच्या मोडक्या बाकांवरही तशीच फुली होती. तिचा अर्थ मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी फुली मारलेले कपाट मागच्या अंगणात कुऱ्हाडीने फोडताना मी ऐकले आहे. तेव्हापासून दाराशी पावले वाजली, की मी जीव मुठीत धरून बसते.

आठ वाजता बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या नव्या मुख्याध्यापिका. त्या खुर्चीवर बसल्याला आज नववा दिवस.

"भंगाराचा टेम्पो साडेदहाला येतोय," मावशी म्हणाल्या. "आणि ही म्हातारी अगदी माझ्या गुडघ्यांसारखी झालीय बघा. जरा हलवली की कुरकुर!"

बाई हसल्या नाहीत. "ही यादीत कशी?"

"आता मला विचारता? खाली सही तुमचीच आहे की."

बाईंनी कागद उलगडला. सतरावी नोंद : 'पेटी, एक, निकामी.' रुजू झाल्या त्या दिवशी तपासणी अधिकाऱ्यांनी तो कागद पुढे सरकवला होता आणि बाईंनी धाकापोटी, न वाचताच सही केली होती. आज तेच साहेब अकराला येणार होते. बाईंची बोटे थरथरू लागली.

ती थरथर मी फार पूर्वीपासून ओळखते.

मला घडवणारा कारागीर एकेक पितळी पट्टी कानाशी धरून घासत असे. त्याच्या हातून मी थेट या शाळेत, संगीताच्या गुरुजींकडे आले. त्यांच्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी होती. वाचायची पाळी आली, की तिचा घसा बंद होई आणि बोटे अशीच थरथरत. मुले तिला 'मुकी' म्हणून चिडवत. एके दिवशी गुरुजी तिला म्हणाले, "ये गं पोरी, माझा खांदा दुखतोय. भाता तू मार."

खांदा मुळीच दुखत नव्हता. तिची नखे माझ्या लाकडात रुतत होती. तिच्याइतकीच मीही घाबरले होते. गुरुजी एकच सूर धरत आणि वर्ग त्या सुरावर धडा वाचत असे. "घाबर हवं तेवढी," ते तिला सांगत, "हात तेवढा थांबवू नकोस." बाराव्या दिवशी त्या सुरात एक बारीक, नवा आवाज मिसळला.

पुढे ती माझ्यापाशीच गायला शिकली. एका नामांकित वाद्यवृंदाने तिला बोलावलेही. पण तिने शिक्षिका व्हायचे ठरवले. "एवढा गोड गळा, आणि जन्मभर खडूची धूळ खाणार?" वडील चिडून म्हणाले होते. ती म्हणाली, "बाबा, ज्यांचा गळा भीतीनं बसतो ना, त्यांच्यात मला गायचंय."

ती मुलगी म्हणजेच या बाई. पुढे वीस वर्षे त्या याच शाळेत पहिलीला शिकवत होत्या. जे मूल बोलत नसे, त्याची जागा माझ्या भात्यापाशी ठरलेली असे. पाहुणे येत, आमचे कौतुक करत. मग बाईंची बदली झाली, माझा भाता फाटला, आणि वाचनाच्या तासाला गाणे कशाला, असे म्हणून कोणीतरी मला इथे आणून लोटले. उंदरांच्या सोबतीने सहा वर्षे गेली.

आज बाईंनी माझे झाकण उघडले. डावा हात भात्यावर ठेवला. फटीतून नुसताच वारा सुसाटला. मग एक सूर कसाबसा उमटला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

"अगंबाई, साहेब आत्ताच आले!" मावशी पुटपुटल्या.

बूट जवळ येत गेले. मी भीतीने गारठले. बाईंचा हात मात्र भाता मारतच राहिला. उजव्या हाताने त्यांनी सतराव्या नोंदीवर रेघ ओढली आणि शेजारी सही केली.

साहेब दारात थबकले. "सही झालेल्या कागदावर ही खाडाखोड कसली?"

"आधीची सही न वाचता केली होती, साहेब." आवाज चिरका होता, पण फुटला. "चूक माझी होती. ही पेटी वाचनाच्या तासाला लागते."

"असल्या पेटीवर वाचन? वर विचारणा झाली तर?"

"उत्तर मी देईन."

साहेबांनी कागद घेतला, घडी घातली आणि ते कार्यालयाकडे वळले. पुढे काय होईल, ते मला ठाऊक नाही. भीती अजून आहेच.

मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादे मूल गप्प दिसले, तर फुली मारण्याआधी जरा जवळ बसून पाहा, एवढेच माझे मागणे.

बाईंनी पदराने खडूची फुली पुसली. "मावशी, ती बाजू धरा. जिना जपून."

मावशी गुडघ्यांना दोष देत वाकल्या. दोघींनी मला पहिलीच्या वर्गात नेले आणि शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसलेल्या मुलीशेजारी ठेवले. बाईंनी भात्याच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि त्या मुलीचा हात अलगद भात्यावर ठेवला.