पिंपावरची बैठक

पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवलं, झाकणावर उशी ठेवली आणि उशीवर मी बसले. आमच्या लिमाच्या टेकडीवर स्लॅब टाकायचा दिवस म्हणजे घरचं लग्नच. शेजारीपाजारी बादल्या घेऊन हजर, चुलीवर बदकाचा भात, आणि काँक्रीटचा माल जरा घट्ट वाटला की ज्याला वाटेल तो त्यात पाणी ओततो. माझी बहीण नेलिदा भूकंपात गेली ती असल्याच पाणचट स्लॅबखाली. माझ्या लेकीच्या डोक्यावर तसलं छत मी येऊ देणार नव्हते.

मिस्त्री होता फोर्तुनातो, माझ्या लेकीचा धर्मबाप, म्हणजे माझा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. सिमेंटच्या दुकानातून आणलेला तपकिरी औषधाचा कॅन मी त्याच्यापुढे ठेवला. हे मापानं घातलं की कमी पाण्यातही माल सैल होतो, असं दुकानदारणीनं सांगितलं होतं. फोर्तुनातो हसला.

"कोमाद्रे, स्लॅबला खोकला झालाय का?"

"होऊ नये म्हणून देतेय. घाल."

त्यानं घातलं. मिक्सर फिरला, माल घट्टच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण मी उठले नाही. थोड्या वेळानं मिक्सरचा आवाज बदलला आणि माल आपसूक घसरून बादल्यांत पडायला लागला.

अर्धा स्लॅब झाल्यावर भाताचं मीठ बघायला मी क्षणभर उठले. परतले तर फोर्तुनातो मिक्सरमध्ये बादलीभर पाणी ओतत होता. जित्याची खोड, दुसरं काय!

"ओतून टाक तो माल."

"सगळ्यांसमोर माझी लाज काढतेस?"

"पाणीही सगळ्यांसमोरच घातलंस. ओत."

त्यानं तो दारापुढच्या मातीत ओतला आणि फळीनं सारखा केला. उरलेला स्लॅब चोख भरला, पण भाताला न शिवता निघून गेला. कोंपाद्रे घरातून उपाशी गेला याचं मला फार वाईट वाटलं. तरी पुन्हा तसंच केलं असतं.

काही महिन्यांनी तो आला आणि बोलायच्या आधी दारापुढच्या त्या पाणचट तुकड्यावर किल्ली ओढली. भुगा निघाला. मग शिडी लावून स्लॅबवर गेला. वर किल्लीचा आवाज बराच वेळ येत राहिला. खाली आला तेव्हा किल्लीचं टोक बोथट झालं होतं.

"रविवारी माझा स्लॅब आहे," तो म्हणाला. "उशी घेऊन ये."