मालनबाईचं सोसणं

मालनबाईच्या उजव्या छातीत गाठ निघाली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी छातीसोबत काखेतल्या गाठीही काढून टाकल्या. घरी सोडताना नर्सने औषधांची पिशवी हाती देत तेलुगूत बराच वेळ समजावलं. मालनबाईचं तेलुगू बाजारापुरतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"दुखलं तं गोळी घे म्हंते," चंपतराव म्हणाले. "नाई तं नको. लय गोळ्यानं किडनी जाते."

तामसीजवळच्या त्यांच्या गावात बाया भेटायला येऊ लागल्या. मालनबाईने श्वास घेतला तरी टाका ओढायचा, काखेत विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. ओसरीवर चंपतराव सांगत, "येवढी चिरफाड झाली, पन आमच्या बाईनं एक गोळी नाई खाल्ली."

"अशी छाती पायजे," शेजारची राहीबाई म्हणाली आणि तिने जीभ चावली.

आत पडल्यापडल्या मालनबाई ऐकायची आणि, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटायचं. जन्मात कोणी तिची तारीफ केली नव्हती. ती दात आवळून राहिली. हात अंगाशी धरला तो हलवलाच नाही.

जखम भरली, दुखणं गेलं नाही. कापूस वेचायला उभी राहिली तर हात वर उचलवेना. पदर घासला तरी आग व्हायची. मग त्याच ओसरीवर चंपतराव सांगू लागले, "टाके कवाचेच सुकले. आता निस्ता बहाणा हाय." राहीबाईने यालाही मान डोलावली.

पुढे चंपतरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात. या खेपेची नर्स किनवटकडची, मराठी बोलणारी. ती मालनबाईलाच म्हणाली, "काकू, दुखायची वाट पाहू नका. सुरुवातीला वेळेवर गोळी द्या, थोडं थोडं चालवा. दुखणं तसंच अंगावर काढलं, तर काहींच्या नसांना त्याची सवय लागते. मग जखम भरली तरी दुखत राहतं."

"छातीच्या गाठीलेबी असंच असते का?"

"तिथं तर जास्तच. हाताचा व्यायामही आम्ही सगळ्यांना सांगतो."

मालनबाई पलंगापाशी गेली. "माह्या वक्ताले नर्सनं काय सांगतलं होतं?"

चंपतराव छताकडे पाहत राहिले. "सांगतलं असंल. येवढं कोन ध्यानात ठेवते? अन तू तरी दुखून राह्यलं म्हनून कवा बोलली?"

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

तिने त्यांच्या गोळ्या चुकवल्या नाहीत. चंपतराव लवकरच शेतात जाऊ लागले. मग एका सकाळी ती एकटीच बसने आदिलाबादला गेली. किनवटकडची नर्स दोघांचं बोलणं एकमेकांना सांगायला मधे उभी राहिली. डॉक्टरांनी नसांचं औषध लिहून दिलं, हात वर न्यायचा व्यायाम दाखवला.

"जाईल का हे?" तिने विचारलं.

"कमी होईल. पुरतं जाईल असं नाही सांगू शकत. तेव्हाच यायला पाहिजे होतं."

आता रोज ती भिंतीला बोटं लावून हात वर सरकवते. खांद्याच्या जरासा वर जातो. तिथून पुढे जात नाही.