बायकोला पाण्यात पाहिलं तेव्हा

गल्लीत त्याला सगळे सोफावाला म्हणत. सोफे तो विकत नसे. लोकांचे बसके, कुरकुरणारे सोफे दुकानात उचलून आणायचा, जुनं कापड सोलून काढायचा, स्प्रिंगा ताणून बांधायचा, नवा फोम भरायचा आणि वरून असं कापड चढवायचा की शिवण कुठे संपली ते बोट फिरवूनही कळू नये. काम करताना तोंडात बारीक खिळे धरलेले असत, त्यामुळे बोलणं बेताचंच. पण माणूस मायाळू, आणि बायकोच्या बाबतीत तर जरा हळवाच.

बायको पोहायला शिकवायची. लहान मुलांची सकाळची तुकडी तिच्याकडे होती. लग्नानंतर तो तिला रोज स्कूटरवरून तलावाच्या फाटकाशी सोडायचा आणि तसाच दुकान उघडायला जायचा. आत कधी गेला नाही. लहानपणी मामाच्या घरी तो पाण्याच्या टाकीत पडला होता आणि मामाने त्याला केसांना धरून वर काढलं होतं. तेव्हापासून खोल पाणी दिसलं की त्याच्या पायांतलं बळ जायचं. बायको आत काय करत असेल याचं एक चित्र त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. काठावर उभी आहे, गळ्यात शिट्टी आहे, पोरांना ओरडते आहे. बस्स.

मग मुलगी झाली आणि शिकवणं थांबलं. कोणी थांबवलं नाही, आपोआपच थांबलं. मुलीचं नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण मावशीने तिला डिंकी करून टाकलं, कारण ती आईला डिंकासारखी चिकटायची. आई अंघोळीला गेली तरी दाराबाहेर सूर लागायचा. बापाच्या कडेवर जायची, नाही असं नाही, पण आई समोर दिसते आहे तोवर. आई नजरेआड झाली की बाप म्हणजे परका पुरुष.

डिंकी रांगायला लागली आणि आईचा वाढदिवस आला. मुलगी झाल्यापासून दोघं मिळून कुठे गेले नव्हते. सोफावाल्याने एका हॉटेलच्या सगळ्या खुर्च्या नुकत्याच नव्याने मढवून दिल्या होत्या. हॉटेलमालक कामावर इतका खूश झाला की म्हणाला, वाढदिवसाला वहिनींना घेऊन या, खिडकीजवळचं टेबल तुमचं. डिंकीला सांभाळायला मेव्हणी येणार होती. पण ती नेमकी त्याच दिवशी तापाने आडवी झाली, आणि दोघांच्या बेतात तिसरी आली.

निघताना बायकोने कपाट उपसलं. एकही जुना ड्रेस अंगात बसेना. शेवटी निळ्या ड्रेसचे पाठीमागचे दोन हूक तसेच उघडे ठेवले आणि वरून जाकीट घातलं. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, गरम झालं तरी जाकीट काढायला सांगू नकोस, नाहीतर सगळ्या हॉटेलाला माझी पाठ दिसेल.

हॉटेलात सुरुवात छान झाली. संध्याकाळचं ऊन अजून टेबलावर होतं. सूप आलं. सोफावाला बसल्या बसल्या खुर्चीच्या खालची शिवण चाचपत होता.

"जेवायला आलायस की खुर्च्या तपासायला?" बायकोने विचारलं.

तो हसला आणि त्याने हात वर घेतला. तेवढ्यात कुठेतरी एक ताटली पडून फुटली. डिंकी दचकली आणि तिने जो आवाज लावला तो स्वयंपाकघरातून लोक डोकावेपर्यंत थांबला नाही. मग तेच झालं जे अशा वेळी होतं. एकाने खायचं, दुसऱ्याने फुटपाथवर फेऱ्या मारायच्या. तो घेऊन गेला की ती जास्तच भोकाड पसरायची, म्हणून बायको दोन घासांनंतर उठून बाहेर. तो आत एकटा बसून काचेतून बघत राहिला. बायको एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती, पाठीवर थोपटत होती. समोरचा मासा चांगला भाजलेला असणार, पण त्याला चव कळली नाही.

त्यातच केक आला. हॉटेलातल्या पोरांनी मेणबत्ती लावून आणली आणि जिचा वाढदिवस तीच जागेवर नाही. ती पोरं बिचारी टाळ्या वाजवायला हात वर करून उभी. शेवटी मेण ओघळून केकवर पडायला लागलं, तेव्हा सोफावाल्यानेच फुंकर मारली आणि टाळ्या त्यालाच मिळाल्या.

बायको आत आल्यावर त्याने हे सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तो मात्र लाजेने अर्धा झाला होता. वाढदिवस तुझा आणि तू रस्त्यावर उभी, असं काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "अरे, तिला कुठे कळतंय आज कोणाचा वाढदिवस आहे ते."

तिचं हे असंच होतं. रागावण्यासारखं शंभर वेळा घडलं तरी ती रागाला जागा द्यायची नाही. सोफावाल्याला याचं कौतुक होतं, पण या स्वभावामुळे तिला काय हवंय ते कोणालाच कळत नाही, हे मात्र त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

घरी जायचा नेहमीचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवला होता. बाबागाडी त्यावरून जाईना. म्हणून तो तलावाच्या बाजूच्या गल्लीत वळला. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज येत होता आणि हवेत पाण्यात घालतात त्या औषधाचा उग्र वास होता. फाटकापाशी बायको थांबली. मुद्दाम नाही, पायच थांबले.

तिकिटाच्या खिडकीशी मोठ्या बाई चहा पीत उभ्या होत्या. तलाव त्यांच्याच देखरेखीखाली चाले आणि सोफावाल्याच्या बायकोला लहानपणी पोहायला शिकवलं होतं तेही त्यांनीच. त्यांनी काही आश्चर्य दाखवलं नाही. पेला खाली ठेवून बाबागाडीत वाकून पाहिलं.

"हीच का ती, जिच्यामुळे माझी चिल्लीपिल्ली पोरकी झाली?" त्या म्हणाल्या. मग सरळ होऊन विचारलं, "येतेस आत? मोठ्यांची वेळ चालू आहे. गर्दी नाही."

बायकोने भराभर कारणं सांगितली. पोहायचे कपडे आणलेले नाहीत, नुकतंच खाल्लंय, डिंकीची झोपायची वेळ होत आलीय. मोठ्या बाई म्हणाल्या, तुझे कपडे तुझ्याच कपाटात आहेत, मी ते कोणाला दिलेलं नाही. आणि तुझं खाणं किती झालं असेल ते या पोरीचं रडून लाल झालेलं तोंड बघून कळतंय.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात असं काही होतं की त्याला पुढे विचारावंच लागलं नाही.

"तू जा," तो म्हणाला.

"ती रडेल."

"रडू दे. रडून कोणी विरघळत नाही. मी आहे ना."

"आणि तू? तुला पाण्याजवळ..."

"मी लांब पायऱ्यांवर बसतो. जा तू."

तलाव उघड्यावर होता, एका बाजूला बसायला पायऱ्या. सोफावाला सगळ्यात वरच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून बसला आणि डिंकीला मांडीत घट्ट धरलं. पाण्यात चारपाच माणसं संथपणे हात मारत होती. थोड्या वेळाने बायको कपडे बदलून आली. अंगाभोवती टॉवेल घट्ट गुंडाळलेला, मान खाली. काठापर्यंत ती चोरासारखी गेली. टॉवेल बाजूला ठेवताना तिने पटकन पोटावर हात नेला आणि मग तसाच काढून घेतला. एक क्षण उभी राहिली. आणि गेली.

पाणी उडालंच नाही. कापडातून सुई जावी तशी ती पाण्यात शिरली आणि कुठे गेली ते त्याला कळेना. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो अर्धवट उठला, तेवढ्यात पार तिकडे, जिथे ती असेल असं त्याला वाटलंही नसतं, तिथे तिचं डोकं वर आलं आणि हात चालू झाले. डावा, उजवा, डावा, उजवा. घाई नाही, धडपड नाही, आवाज नाही. इतर लोक पाण्याशी झगडत होते. हिच्यासाठी पाणी जणू स्वतःच बाजूला होत होतं. टोकाला पोचली, पाण्याखालीच उलटी फिरली, पायाने भिंतीला रेटा दिला आणि परत निघाली. शेजारच्या रांगेत पोहणारा एक धिप्पाड माणूस थांबून तिच्याकडे बघायला लागला.

माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. सोफावाल्याने मात्र त्या संध्याकाळी बायकोला खरोखरच पाण्यात पाहिलं, आणि तिच्यावर पहिल्यापेक्षा जास्त जीव जडवून बसला. आपल्या हातात कला आहे हे तो मनातल्या मनात जाणून होता. घरात दुसरंही कोणी कलावंत आहे, आणि ते आपल्यापेक्षा वरचढ आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता.

डिंकीला कला वगैरे काही नको होतं. आई दिसत नाही एवढं तिला समजलं आणि तिने हॉटेलातला सूर पुन्हा लावला. तो आवाज तलावभर घुमला. पाण्यातले हात थांबले. बायको काठाला धरून वर बघत होती, केस चेहऱ्यावर चिकटलेले, बाहेर यायला एक कोपर काठावर टेकलेलं.

सोफावाल्याने हात उंच करून तिला नको नको अशी खूण केली, आणि मग, आपण काय करतोय हे कळायच्या आत, डिंकीला छातीशी धरून पायऱ्या उतरायला लागला. शेवटची पायरी उतरून थेट काठावर. खाली निळं, खोल, हलणारं पाणी. त्याने पाण्याकडे न बघता बायकोकडे बघितलं.

"तू जा पुढे," तो म्हणाला. "आम्ही आहोत बरोबर."

ती निघाली, आणि तो काठाकाठाने तिच्या बरोबरीने चालू लागला. डिंकीला त्याने तोंड पाण्याकडे करून धरलं. आई तिथेच होती, हाताच्या अंतरावर. पाण्यातून तिचा हात वर यायचा, खाली जायचा, श्वासासाठी मान वळली की तोंड दिसायचं आणि पुन्हा नाहीसं व्हायचं. डिंकीचा हुंदका अर्ध्यात अडकला. ती टक लावून बघायला लागली. तोंड दिसलं की हसायची, गेलं की श्वास रोखायची. लपाछपीच की ती. या टोकापासून त्या टोकापर्यंत बाप चालला, पुन्हा उलट चालला, पुन्हा गेला. ओला काठ, नवे बूट, आणि पाण्याला घाबरणारा माणूस. पण एकदाही अडखळला नाही. किती फेऱ्या झाल्या हे दोघांनीही मोजलं नाही. उन्हं भिंतीवरून वर सरकून गेली तेव्हा कधीतरी ती थांबली.

बाहेर आली तेव्हा चेहरा लाल, दम लागलेला, आणि डोळ्यांत असं काही की तो तिला नवीनच भेटत असल्यासारखा बघत राहिला.

"तू हे रोज करायचीस?" त्याने विचारलं.

"रोज. मुलं यायच्या आधी."

"मला आपलं वाटायचं तू शिट्टी वाजवतेस."

मोठ्या बाईंनी निघताना एवढंच म्हटलं की सकाळची तुकडी सध्या त्या स्वतःच घेतात आणि त्यांचे गुडघे आता तक्रार करतात. उत्तर मागितलं नाही.

घरी जाताना बायको म्हणाली, "मी या गल्लीतून यायचंच बंद केलं होतं. भाजी आणायला लांबून जायचे. हा वास आला की दिवसभर करमायचं नाही."

त्याला ते लागलं. सांगितलं का नाहीस, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, सांगण्यासारखं काय होतं, आणि तू विचारलं असतंस तरी मी नंतर बघू असंच म्हणाले असते. ते खरंच होतं. त्याने बाबागाडी पुढे ढकलली आणि मनाशी ठरवलं की या बाईच्या नंतर बघूवर आता विश्वास ठेवायचा नाही.

"आठवड्यातून दोन सकाळी मी दुकान उशिरा उघडतो," तो म्हणाला.

"आणि गिऱ्हाइकं?"

"सोफे काय पळून जाणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी तिचे खांदे इतके धरले की केस विंचरायला हात वर जाईना. त्याने केस विंचरून दिले, वेडेवाकडे. घरभर ती कण्हत होती आणि मधेच हसत होती.

पुढच्या महिन्यात चिल्लीपिल्ली तिच्याकडे परत आली. ठरलेल्या सकाळी सोफावाला डिंकीला घेऊन काठावर असायचा. काही दिवस ती आई दिसत असूनही रडली, काही दिवस झोपून गेली, आणि हळूहळू बापाच्या कडेवर तिला बरं वाटायला लागलं. एकदा एका मुलाच्या वडिलांनी त्याला विचारलं, तुम्ही पण शिकायला येता का. तो म्हणाला, "नाही हो. मी बघायला येतो." आणि समोर बोट दाखवलं. बायको तेव्हा एका घाबरलेल्या पोरीला पाठीवर तरंगायला शिकवत होती. मानेखाली फक्त दोन बोटं, आणि ती बोटंही हळूच काढून घेत होती.

तेवढ्यात डिंकीने पायातला मोजा काढून पाण्यात टाकला. वाकून तो उचलायला सोफावाला अजून धजत नव्हता. त्याने बायकोला हाक मारली. ती आली, मोजा पिळला आणि तसाच ओला त्याच्या खिशात कोंबून परत गेली.